संतापलेला पेजर

समाजशास्त्राच्या संशोधकांना असं घबाड क्वचितच मिळतं. नोव्हेंबर २००९मध्ये विकिलीक्सने ११ सप्टेंबर २००१ या दिवसाचे अमेरिकेतले पाच लाखांहून अधिक पेजर-संदेश खुले केले. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळत असताना लोक एकमेकांना काय कळवत होते, ते वेळेच्या नोंदीसकट हाती आलं. (होते ते खासगी निरोप, आणि कुणाचीही संमती घेतलेली नव्हती. तो वाद वेगळा, पण विसरण्याजोगा नाही.)

मित्या बाक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी, तिघेही जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ, हे संदेश संगणकाकडून तपासून घेतले. पद्धत सोपी होती. दुःखाच्या, चिंतेच्या, रागाच्या शब्दांच्या याद्या तयारच होत्या. यादीतला शब्द संदेशात आला की त्या भावनेच्या खात्यात जमा. २०१०मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नामांकित नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: दुःखाचा जोर फारसा नव्हता, चिंता उसळून लगेच ओसरत होती, राग मात्र दिवसभर चढत गेला. कुणालाही पटावं असंच होतं ते. गोची तिथेच होती.

क्लेमसन विद्यापीठाच्या सिंथिया प्युरी यांनी मूळ संदेश उघडून वाचले. त्यात एकाच पेजरवर आलेले ५,९७४ संदेश सापडले, सगळे एका साच्यातले: अमुक कपाटातलं तमुक यंत्र रीबूट करा, ‘क्रिटिकल’. कुठल्याशा यंत्रणेने आपोआप पाठवलेली ही सूचना. पण ‘क्रिटिकल’ हा शब्द रागाच्या यादीत होता! रागात दिसलेल्या वाढीचा मोठा वाटा या एकट्या पेजरचा निघाला. मूळ लेखकांनीही २०११मध्ये आक्षेप मान्य करून, अशा अवाढव्य मजकुरातून काय शिकायचं यावर उत्तर लिहिलं.

प्रस्तुत लेखक म्हणूनच आलेखाआधी मजकुराकडे जातो, आणि नवख्यांना तेच सांगतो. आधी तंतोतंत सारखे संदेश एकत्र काढावेत. सर्वांत जास्त लिहिणारी खाती कोणती ते बघावं. आलेख जिथे उसळी घेतो, तिथले शे-दोनशे संदेश स्वतः वाचावेत. कंटाळवाणं आहे खरं, पण पुढची फजिती वाचते.

दुसरा धडाही जर्मनीचाच. २००९च्या निवडणुकीत पक्षांच्या ट्विटरवरच्या उल्लेखांचं प्रमाण मतांच्या जवळपास जातं, असा दावा म्युनिकच्या संशोधकांनी केला होता. आंद्रेआस युंगहेर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मोजणीतून वगळलेला पायरेट पक्ष धरला तर उल्लेखांत तोच पहिला येतो. त्याला प्रत्यक्षात मिळाली होती २ टक्के मतं.

मराठीत तर शब्द मोजण्याआधीच अडचणी सुरू होतात. ‘ॲप’मधला पहिला स्वर संगणकावर एकाहून अधिक प्रकारे साठवला जातो, डोळ्यांना सारखाच दिसतो, मोजणीत वेगळा पडतो. ‘रस्ता’ शोधणाऱ्या प्रोग्रॅमला ‘रस्त्यावरचे’ सापडत नाही. रोमन लिपीतली मराठी वेगळीच. शिवाय आपला नकार बहुधा क्रियापदामागून येतो: ‘आवडलं’ पाहून गुण देणाऱ्या यादीला ‘आवडलं नाही’ हेही कौतुकच वाटतं.

आता भावनांची नोंद केलेले तयार मराठी संचही मिळतात. पुण्याच्या एल३क्यूब या गटाचा ‘महासेंट’ त्यातलाच, सुमारे १६ हजार ट्विटांचा. पण ती ट्विटं महाराष्ट्रातल्या प्रसिद्ध व्यक्तींच्या खात्यांवरची आहेत. त्यांवर शिकलेलं मॉडेल कांद्याच्या भावावर चिडलेल्या शेतकऱ्यांच्या प्रतिक्रियांना लावायचं असेल, तर त्यातल्याच काही प्रतिक्रिया आधी दोन माणसांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्याव्यात. ‘वा साहेब, वा’ हे कौतुक की टोमणा, यावर त्या दोघांचंच जुळत नसेल, तर मॉडेलने काढलेले टक्के छापायला देण्याची घाई करू नये.