फरासिसांची व्यापारी कंपनी : तिचा उदय आणि अस्त

हैदराबादेतील मूसारामबाग ह्या वस्तीचे नाव आपण सहज घेतो. पण त्यातील 'मूसा राम' म्हणजे निजामाच्या पदरचा फ्रेंच सेनानी मोसिय रेमाँ होय, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. तो १७९८ साली वारला. त्याच वर्षी इंग्रजांनी निजामाकडून त्याची पलटणे मोडविली आणि दक्षिणेतील फ्रेंचांचे उरलेसुरले वजन संपले. आपल्या जुन्या कागदांत ज्यांना 'फरासीस' म्हटले आहे, ते हे लोक मुळात आले होते कापड खरेदी करावयास. त्यांचा इंग्रजांशी झगडा का झाला व त्यात ते का हरले, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. क्लाइव्हचे शौर्य आणि डुप्लेचे दुर्दैव एवढ्यावर शाळेच्या पुस्तकांत हा विषय आटोपतो. माझ्या मते ते पुरेसे नाही.

इंग्रजांची कंपनी १६०० साली, डचांची १६०२ साली निघाली. फ्रेंचांची निघाली १६६४ साली, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर ह्याच्या खटपटीने. दीड कोटी लिव्हर भांडवल जमवावे असा त्याचा बेत होता. पण व्यापारी पुढे येईनात. तेव्हा राजाने मोठी रक्कम घातली आणि दरबारी मंडळी, सरकारी अधिकारी व शहरे ह्यांना भाग घेण्यास भाग पाडले. लंडनच्या कंपनीत पैसा व्यापाऱ्यांचा, आणि संचालक निवडावयाचे भागधारकांनी; पॅरिसच्या कंपनीत हात राजाचा. ज्याने मनाविरुद्ध पैसा घातला तो हिशेब विचारावयास कशाला येतो? हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा.

पहिली वखार १६६८ साली सुरतेस पडली. पाँडिचेरीची वसाहत १६७४ ची. ती फ्रांस्वा मार्तँ ह्या चिकाटीच्या गृहस्थाने उभी केली. विजापूरकरांचा सरदार शेरखान लोदी ह्याच्या परवानगीने तो तेथे राहत होता. १६७७ साली कर्नाटकच्या स्वारीत शिवाजीमहाराजांनी शेरखानाचा मोड केला, तेव्हा मार्तँने त्यांच्याकडे वकील व नजराणा पाठवून वखारीस अभय मिळविले. त्याची रोजनिशीवजा टिपणे ह्या स्वारीच्या अभ्यासास आजही उपयोगी पडतात. पुढे १६९३ साली डचांनी पाँडिचेरी जिंकून घेतली. ती १६९७ च्या तहाने फ्रेंचांस परत मिळाली.

आता व्यापाराचे गणित पाहू. युरोपचा माल हिंदुस्थानात फारसा खपत नसे. म्हणून जहाजे लोरियां बंदरातून निघत ती चांदी घेऊन. ही चांदी स्पेनच्या अमेरिकेतील खाणींची. ती कादिझ बंदरामार्फत मिळवावी लागे. १७३६ साली अर्काटच्या नबाबाकडून पाँडिचेरीस रुपये पाडण्याची परवानगी मिळाली, तेव्हा टांकसाळीचा नफाही आला. परतीला कारोमांडलचे कापड, बंगालची मलमल व सोरा, माहेची मिरी, बूर्बों बेटातली कॉफी. यात एक विलक्षण अडचण होती. आपल्या रेशीम-लोकरीच्या विणकऱ्यांसाठी फ्रान्सच्या सरकारने १६८६ पासून १७५९ पर्यंत छापील सुती कापडावर बंदी घातली होती! म्हणजे राजाची कंपनी जे आणी, तेच राजाच्या मुलखात विकता येत नसे. पुष्कळ कापड लिलावातून परदेशी जाई. पाँडिचेरीचे निळे कापड तर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन त्याच्या बदल्यात गुलाम विकत घेतले जात आणि ते कॅरिबियन बेटांतील उसाच्या मळ्यांवर राबत. कारोमांडलच्या विणकराला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अर्थात १७०० व १७२१ चे असेच कायदे इंग्लंडातही होते, तेव्हा सारा दोष ह्या बंदीच्या माथी मारता येणार नाही.

१७१९ साली जॉन लॉ नावाच्या स्कॉट माणसाने सर्व फ्रेंच कंपन्या एकत्र केल्या आणि त्यांच्या भागांवर सट्ट्याचा असा डोंगर रचला की, १७२० साली तो कोसळून हजारो घरे बुडाली. कंपनी वाचली, पण भागधारकांचा लाभांश तंबाखूच्या सरकारी मक्त्याच्या उत्पन्नातून मिळू लागला. जहाज बुडो की तरो, लाभांश ठरलेला. मग व्यापाराकडे पाहणार कोण?

अशा कंपनीचा गव्हर्नर म्हणून डुप्ले १७४२ साली पाँडिचेरीस आला. त्याआधी दहा वर्षे चंद्रनगरास त्याने देशी बंदरांतला व्यापार करून त्या गावास ऊर्जितावस्था आणली होती. १७४४ साली युरोपात लढाई जुंपली तेव्हा, हिंदी समुद्रात दोन्ही कंपन्यांनी तटस्थ राहावे, असे त्याने सुचविले. इंग्रजांनी ते मानले नाही. त्यांच्या आरमाराने फ्रेंच जहाजे धरली. तेव्हा मॉरिशसहून ला बूर्दोने आरमार घेऊन आला आणि सप्टेंबर १७४६ मध्ये मद्रास पडले. पण १७४८ च्या तहात ते परत द्यावे लागले, आणि बदल्यात फ्रान्सला मिळाले काय, तर उत्तर अमेरिकेतील लुईबूर हा मासेमारीच्या किनाऱ्यावरील किल्ला. मद्रासचा निकाल कॅनडाच्या माशांवर लागला म्हणावयास हरकत नाही.

डुप्लेची खरी कल्पना त्यानंतरची. दरसाल चांदी मागवून कापड घेण्यापेक्षा येथील मुलखाचा वसूल हाती घ्यावा आणि त्याच पैशांत कापड घ्यावे, अशी ती होती. त्यासाठी त्याने अर्काटच्या व निजामाच्या गादीच्या भांडणांत हात घातला. त्याचा सेनानी बुसी १७५१ साली सलाबतजंगाला घेऊन औरंगाबादेस गेला. त्याच वर्षी चंद्रग्रहणाच्या रात्री त्याने नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला. १७५३ साली फौजेच्या खर्चासाठी निजामाकडून त्याला उत्तरेचे चार सरकार मिळाले. १७५६ साली दरबार उलटला, तेव्हा हैदराबादच्या चारमहालात ठाण मांडून, कुमक येईतो त्याने दम धरला. बुसीसारखा माणूस फ्रेंचांना दुसरा लाभला नाही.

पॅरिसला मात्र ह्या लढायांचा खर्च तेवढा दिसत होता. १७५४ साली डुप्लेला परत बोलाविले. कंपनीसाठी खर्चलेल्या पैशाबद्दल तगादा करीत तो १७६३ साली दारिद्र्यात वारला. त्याची कल्पना पार पाडली ती इंग्रजांनी. १७५७ साली चंद्रनगर घेऊन प्लासीनंतर बंगालचा पैसा त्यांच्या हाती आला, आणि कर्नाटकातील लढाईस तो उपयोगी पडला. उलट १७५८ साली आलेल्या लाली ह्या सेनापतीपाशी पगार भागवावयास पैसे नव्हते, आणि समुद्रावर फ्रेंच आरमार टिकेना. त्यातच त्याने बुसीला हैदराबादेहून काढून घेतले. पाठोपाठ उत्तरेचे सरकारही गेले. २२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाशला लालीचा पराभव झाला व बुसी कैद झाला. उपासमारीने टेकीस आलेली पाँडिचेरी जानेवारी १७६१ च्या मध्यास शरण गेली. पानिपतचा दिवस त्याच आठवड्यातला, १४ जानेवारी. तेथे भाऊसाहेबांच्या बाजूने तोफा चालविणारा इब्राहिमखान गारदी बुसीच्या हाताखाली तयार झालेला होता. लालीचा पॅरिसमध्ये १७६६ साली शिरच्छेद झाला. तो उद्धट होता हे खरे; पण रिकाम्या तिजोरीचा गुन्हा त्याचा नव्हता.

१७६३ च्या तहाने वखारी परत मिळाल्या. फ्रान्सने कॅनडा सोडला, पण ग्वादलूप व मार्तिनिक ही साखरेची बेटे सोडली नाहीत. यावरून तेव्हा कशाची किंमत किती होती ते कळते. १७६९ साली कंपनीचा मक्ता रद्द झाला. १७७७ साली सँ लुबँ नावाचा एक फ्रेंच पुण्यास नाना फडणिसांकडे आला. त्याच्यामागे बळ फारसे नव्हते, तरी मुंबईचे इंग्रज त्याच्या येण्याने अस्वस्थ झाले, आणि मराठ्यांशी त्यांच्या पहिल्या युद्धास ते एक निमित्त झाले. १७९५ साली खर्ड्यास निजामाकडे रेमाँ होता, तर शिंद्यांच्या पलटणांवर पेराँ. दोघेही फ्रेंच, दोघेही चाकरीस.

चंद्रनगर १९५० साली भारताकडे आले. पाँडिचेरी, कारिकल, माहे व यानम ह्यांचा कारभार १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे आला. त्याच्या कायदेशीर हस्तांतरावर १९६२ साली शिक्कामोर्तब झाले.