पासबुकातली मदत आणि रिटर्नमधला रकाना

मे २०२५च्या शेवटच्या आठवड्यात बारामती-इंदापूरकडं पावसानं जो धुमाकूळ घातला, त्यात भिगवणजवळची आमची हेक्टरभर डाळिंबाची बाग गेली. तलाठ्यानं पंचनामा केला, यादी लागली, महा-ई-सेवा केंद्रात अंगठा टेकवून केवायसी झाली आणि बहुवार्षिक पिकाच्या दरानं २२,५०० रुपये खात्यावर आले. मी नोकरदार माणूस, पण सातबारा माझ्या नावावर. त्यामुळं पगार जमा होतो त्याच पासबुकात ही मदतही उमटली.

रिटर्न भरून देणाऱ्यानं बँकेचा उतारा पाहिला आणि रक्कम सरळ ‘इतर उत्पन्ना’त धरली. म्हणाला, “साहेब, खात्यावर आलंय म्हटल्यावर दाखवावंच लागणार.” दाखवावं लागतं हे खरं. कुठल्या रकान्यात, हा प्रश्न होता.

स्टँडर्ड डिडक्शन वजा जाता माझा पगार ११ लाख, ठेवींचं व्याज ९०,०००. एकूण ११,९०,०००. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, तेव्हा बँकेनं व्याजावर कापलेला ९,००० टीडीएस परत यायला हवा. मदत मिळवली की आकडा १२,१२,५०० होतो. हद्द ओलांडली की वरचे १२,५०० तेवढे कर म्हणून द्यायचे, त्यावर ४ टक्के उपकर, झाले १३,०००. रिफंड राहिला बाजूला, वर ४,००० भरा! बाग बुडाली म्हणून एका हातानं दिलेल्यातलं निम्म्याहून जास्त दुसऱ्या हातानं परत.

आयकर कायद्याचं कलम १०(१०बीसी) त्याच्यापुढं ठेवलं. आपत्तीबद्दल केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक संस्थेकडून मिळालेली भरपाई करमुक्त असते; फक्त त्याच नुकसानीची वजावट आधी घेतलेली नसावी. नवी करप्रणाली घेतली तरी ही सूट जात नाही. रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात गेली आणि ९,००० पुन्हा दिसू लागले.

तुमच्याकडं असं काही असेल तर पंचनाम्याची प्रत आणि यादीतलं आपलं नाव जपून ठेवा. पासबुकातल्या तुटक इंग्रजी नोंदीवरून पैसे कशाचे हे वर्षानं तुम्हालाही सांगता येणार नाही. माल विकून आलेले पैसे मात्र या कलमात घुसवू नका. ते शेतीचं उत्पन्न. करमुक्तच, पण ५,००० रुपयांवर गेलं की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो, आणि बाकीच्या उत्पन्नावरचा कर ठरवताना ते हिशेबात येतं. यंदा आमच्याकडं विकायला फळच नव्हतं, म्हणून ती भानगड टळली. विमा कंपनीकडून आलेली पीकविम्याची रक्कमही सरकारी मदत नव्हे, ती वेगळी लिहा. मदत खात्यात पडून राहिली तर तिच्यावरचं व्याज करपात्र.

रिटर्न आधीच चुकीचं गेलं असेल तर मुदतीत सुधारित रिटर्न भरता येतं. आणि रिफंडसोबत आयकर खातं जे व्याज देतं, ते पुढच्या वर्षी ‘इतर उत्पन्ना’त धरायचं असतं, तिथं रिटर्नवाल्याचं म्हणणं बरोबर.