प्रार्थनेतील ‘आम्ही’

येशू ख्रिस्त एकदा एके ठिकाणी प्रार्थना करीत होते. त्यांची प्रार्थना संपताच एका शिष्याने जवळ येऊन, आम्हांलाही प्रार्थना करावयास शिकवावे, अशी विनंती केली. तेव्हा त्यांनी जी लहानशी प्रार्थना शिकविली, तिला ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणतात. ती बायबलच्या नव्या करारात, मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत आढळते. ती सावकाश म्हटली तरी एक मिनिटही लागत नाही. जगातील कोट्यवधी ख्रिस्ती लोक आजही ती म्हणतात.

आरंभी देवाला पिता म्हणून हाक मारली आहे. त्याचे नाव पवित्र मानले जावे, त्याचे राज्य यावे व त्याची इच्छा पृथ्वीवरही पूर्ण व्हावी, अशी मागणी करून मग माणूस आपल्या गरजांकडे वळतो. रोजची भाकर, अपराधांची क्षमा, मोहापासून रक्षण आणि वाइटापासून सुटका एवढेच तो मागतो.

या सर्व मागण्यांत ‘मी’ हा शब्द एकदाही येत नाही. दार लावून एकांतात बसलेला माणूसही ‘आम्ही’ असेच म्हणतो. मराठीत ‘आपण’ म्हटले की ऐकणाराही त्यात येतो. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. येथे ऐकणारा देव आहे. तेवढा एक वगळला, की उरलेली सर्व माणसे या ‘आम्ही’त सामावतात. शेजारी येतो, अनोळखी येतो आणि ज्याच्याशी भांडण झाले आहे तोही येतो.

त्या काळी पॅलेस्टाइनमधील मजुराला दिवस मावळताना त्या दिवसाची मजुरी मिळे. साधारणतः एक दिनार. काम मिळाले नाही, तर घरची चूल थंड राही. अशा लोकांच्या तोंडी ‘आज’ या शब्दाला फार मोल होते. पण भाकर ‘आमची’ मागितली आहे. ज्याची कोठारे धान्याने भरलेली आहेत, त्यालाही ती उपाशी शेजाऱ्यासाठी मागावी लागते. आणि मागितल्यावर कोठाराला कुलूप लावून स्वस्थ बसणे त्याला अवघड जाते.

क्षमेची मागणी याहून कठीण आहे. आम्ही इतरांना केली तशी क्षमा आम्हांला मिळावी, अशी अट माणूस स्वतःच्याच तोंडाने घालतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येथे ‘ऋण’ या अर्थाचा शब्द आहे. त्याच शुभवर्तमानात पुढे येशूंनी सांगितलेला एक दृष्टान्त आहे. एका सेवकाचे १०,००० तालांतांचे कर्ज राजाने दया येऊन माफ केले. तोच सेवक बाहेर पडला आणि अवघ्या १०० दिनारांसाठी त्याने आपल्या सोबत्याचा गळा धरला व त्याला तुरुंगात टाकले. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. म्हणजे माफ झालेले कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. वर्षाला ३०० दिवस राबूनही ते फेडावयास २ लाख वर्षे लागली असती! सोबत्याचे देणे मात्र १०० दिवसांच्या मजुरीचे होते. हे कळताच राजाने दिलेली माफी परत घेतली.

क्षमा करणे म्हणजे अन्यायाला न्याय म्हणणे नव्हे. राजाने कर्ज खोटे ठरविले नव्हते. त्याने वसुली सोडली होती. ज्याला कोणी फसविले वा दुखावले आहे, त्याला तेवढेही सोपे नसते. म्हणून काही माणसे प्रार्थना म्हणताना या ओळीपाशी थांबतात, ज्याच्याशी अबोला धरला आहे त्याची आठवण करतात आणि मगच पुढची ओळ म्हणतात.

स्वाध्याय

१. या प्रार्थनेतील ‘आम्ही’ या शब्दात कोणकोण येतात? का?
२. सेवकाचे कर्ज व सोबत्याचे देणे यांची तुलना करा.
३. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा प्रत्येकी दोन वाक्यांत उपयोग करा.