काठमांडू ते मुक्तिनाथ : सहलीत प्रकृती कशी सांभाळावी

नेपाळच्या आठवडाभराच्या सहलीत काठमांडूचे बाजार आणि मंदिरे, पोखऱ्याचा फेवा तलाव आणि मुक्तिनाथचे दर्शन बहुतेक वेळा एकत्र बसवलेले असते. काठमांडू समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर, म्हणजे साधारण महाबळेश्वराइतक्या उंचीवर आहे. पोखरा त्याहून खाली, सुमारे ८०० मीटरवर आहे. मुक्तिनाथ मात्र ३,७०० मीटरच्या आसपास, कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहे. काठमांडूत दोन-तीन दिवस राहिल्याने शरीराला डोंगराची सवय झाली, असा समज प्रवाशांत आढळतो. तो चुकीचा आहे. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि काठमांडूतील मुक्कामाची शरीराला त्यासाठी फारशी मदत होत नाही.

काठमांडूतला पहिला प्रश्न हवेचा. शहर डोंगरांच्या वेढ्यातील खोऱ्यात असल्याने हिवाळ्यात धूर आणि धूळ खाली कोंडून राहते, आणि मार्च-एप्रिलमध्ये वणव्यांच्या धुराची त्यात भर पडते. दमेकऱ्यांनी इनहेलर मोठ्या बॅगेत न ठेवता खिशात ठेवावा. पावसाळ्यानंतर हवा निवळते, त्यामुळे त्यांच्यासाठी दिवाळीच्या सुटीतली सहल अधिक चांगली. स्वयंभूनाथ आणि पशुपतिनाथ परिसरात माकडे पुष्कळ आहेत. हातात खाऊ घेऊन फिरू नये. माकड किंवा कुत्रे चावले, ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा. परत गेल्यावर पाहू, असे म्हणणे जिवावर बेतू शकते.

उन्हाळी सुटीत जाणाऱ्यांनी पोटाची विशेष काळजी घ्यावी. मे महिन्यापासून पावसाळाभर नेपाळमध्ये सायक्लोस्पोरा नावाच्या परजीवीचा प्रादुर्भाव वाढतो. त्याने होणारे जुलाब दोन दिवसांत थांबत नाहीत. ते आठवडेच्या आठवडे येत-जात राहतात, भूक मरते आणि कमालीचा थकवा येतो. पाण्यातील क्लोरीनने हा परजीवी मरत नाही, उकळल्याने मरतो. म्हणून या दिवसांत उकळलेले पाणी, गरम डाळ-भात, वाफेवरून नुकतेच उतरलेले मोमो योग्य. कच्ची कोशिंबीर, कोथिंबिरीची चटणी, बर्फ घातलेली सरबते टाळावीत. घरी परतल्यावरही जुलाब चालू राहिले तर डॉक्टरांना नेपाळच्या प्रवासाबद्दल सांगावे, कारण नेहमीच्या शौचतपासणीत हा परजीवी सहसा सापडत नाही.

काठमांडू ते पोखरा हा सुमारे २०० किलोमीटरचा रस्ता वळणांचा आहे. गाडी लागणाऱ्यांनी निघण्यापूर्वी गोळी घ्यावी आणि पुढच्या आसनावर बसावे. पोखऱ्यात उंचीचा त्रास होत नाही. पावसाळ्यात रानवाटांवर जळवा लागतात.

खरी जोखीम पोखऱ्याच्या पुढे आहे. तिथून विमान जेमतेम २० मिनिटांत सुमारे २,७०० मीटरवरच्या जोमसोमला उतरवते आणि जीप त्याच सकाळी मुक्तिनाथच्या पायथ्याच्या राणीपौवाला पोहोचवते. एका सकाळीत जवळजवळ २,९०० मीटरची चढण होते. त्रास मात्र लगेच जाणवत नाही. दर्शन व्यवस्थित पार पडते आणि सहा ते बारा तासांनी, म्हणजे रात्री मुक्कामी असताना, डोके ठणकू लागते, मळमळते, झोप लागत नाही. म्हणून राणीपौवाला मुक्काम ठेवू नये. आधीची एक रात्र जोमसोम किंवा मार्फा येथे काढावी, दुसऱ्या दिवशी वर जाऊन दर्शन घ्यावे आणि संध्याकाळपर्यंत खाली यावे. सहल कंपनीच्या कार्यक्रमात ही रात्र नसेल, तर पैसे भरण्यापूर्वीच ती मागून घ्यावी.

अ‍ॅसिटाझोलामाइड या गोळीने हा त्रास कमी होतो. प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येणे, वारंवार लघवीला लागणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती स्वतःहून घेऊ नये. वर असताना मद्य आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही वर्ज्य. बसल्याजागी धाप लागणे, तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसताच, मध्यरात्र असली तरी, रुग्णाला खाली न्यावे; सकाळची वाट पाहू नये.

मंदिरामागच्या १०८ मुक्तिधारांखालून धावत जाऊन स्नान करण्याची प्रथा आहे. हे पाणी बर्फासारखे थंड असते. अंगावर ते एकदम पडताच रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब उसळतो, आणि विरळ हवेत आधीच जोराने काम करणाऱ्या हृदयावर ताण येतो. हृदयविकार, अँजिओप्लास्टी किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी धारांचे पाणी हातात घेऊन मस्तकी लावावे. भाविकाच्या श्रद्धेत त्याने काही उणे पडत नाही. अशा व्यक्तींनी आणि गर्भवतींनी मुक्तिनाथचा बेत आखण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांची संमती घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये.