रेड क्रॉसच्या जुन्या चित्रफिती व त्यांचें जतन

रेड क्रॉस ही संस्था आमच्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाहीं. १८५९ सालीं सॉल्फेरिनोच्या रणांगणावर जखमी सैनिकांचे हाल पाहून आंरी द्यूनां नांवाच्या जिनीव्हाच्या एका गृहस्थाच्या मनांत जी कल्पना उद्भवली, तिच्यापासून १८६३ सालीं ही संस्था निघाली. पुढें देशोदेशीं तिच्या भगिनीसंस्था स्थापन झाल्या. आपल्या देशांतील संस्था १९२० च्या कायद्यानें अस्तित्वांत आली. स्वयंसेवा हें या कार्याचें एक मूलतत्त्व आहे. हा इतिहास पाठ्यपुस्तकांतही सांपडतो. परंतु या संस्थेनें १९२१ सालीं, म्हणजे चित्रपट अद्याप मुका होता त्या काळीं, आपल्या कार्याचे चित्रपट घेवविले होते, व ते आज कोणासही घरबसल्या पाहतां येतात, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. शंभर वर्षांपूर्वींची नाशिवंत फीत आपल्यापर्यंत कशी पोंचते, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

पहिलें महायुद्ध १९१८ च्या नोव्हेंबरांत थांबलें. परंतु लाखों बंदिवान त्यानंतरही घरीं परतले नव्हते. जर्मनींत रशियन शिपाई अडकले होते, तर सायबीरियांत ऑस्ट्रियन, हंगेरियन व जर्मन. रेल्वे मोडलेल्या, रशियांत यादवी माजलेली, आणि तिजोऱ्या रिकाम्या. १९२० सालीं राष्ट्रसंघानें नॉर्वेचे प्रसिद्ध ध्रुवप्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन यांजकडे हें काम सोंपविलें, आणि जिनीव्हाची रेड क्रॉस समिति त्यांच्याबरोबर उभी राहिली. एस्टोनियांतील नार्व्हा, त्या वेळीं जर्मनींत असलेलें श्टेटीन व फिनलंडच्या आखातावरील ब्यर्क्यो या ठिकाणांहून बाल्टिक समुद्रमार्गें जहाजें येऊं जाऊं लागलीं, आणि दोन वर्षांत चार लाखांहून अधिक माणसें आपापल्या देशीं परतलीं.

१९२१ सालीं जिनीव्हा येथें रेड क्रॉसची दहावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या निमित्तानें समितीनें जे चित्रपट तयार करविले, त्यांत बंदिवानांच्या परतीचा एक होता. पोलंडांतील टायफसशीं चाललेली झुंज, बुडापेस्टमधील उपाशी मुलांस केलेलें साहाय्य व कॉन्स्टंटिनोपलमधील रशियन निर्वासित, हे इतरांचे विषय. टायफस हा आपल्याकडील विषमज्वर नव्हे, हें येथेंच सांगितलेलें बरें. तो अंगावरील उवांमुळें पसरतो, हें शार्ल निकोल यांनीं १९०९ सालीं सिद्ध केलें होतें. म्हणून त्याच्याशीं लढणें म्हणजे माणसांस न्हाऊं घालणें, केस कापणें आणि कपडे वाफेंत घालून उवा मारणें. शौर्याच्या गोष्टींत न शोभणारें, परंतु हजारों जीव वांचविणारें काम!

आतां फितीकडे वळूं. त्या काळची पस्तीस मिलिमीटर रुंदीची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून हा पदार्थ होतो, व बंदुकीच्या कापसाचा तो सख्खा भाऊ आहे. त्याच्या अंगींच प्राणवायु असल्यामुळें एकदां पेटला कीं तो पाण्याखालींही जळत राहतो. न पेटला तरी तो हळूहळू कुजतो. चित्र फिकें पडतें, फीत चिकट होते, आणि अखेरीस डब्यांत तपकिरी भुकटी उरते. पुण्यांत २००३ च्या जानेवारींत अशा फितींच्या कोठारास आग लागली व आपल्या मूकपटांच्या आणि जुन्या बोलपटांच्या किती तरी फिती भस्मसात् झाल्या. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ही आज आपल्याजवळ पूर्ण नाहीं.

आगीचें भय टळावें म्हणून सेल्युलोज अॅसिटेटची फीत आली. १९२३ सालीं निघालेली सोळा मिलिमीटरची फीत आरंभापासून याच जातीची. संस्थांस व हौशी लोकांस ती परवडे, म्हणून पुढच्या काळांतील स्वयंसेवकसंघांचे बहुतेक चित्रपट तिच्यावरच सांपडतात. १९४८ सालीं तिची सुधारलेली जात, ट्रायअॅसिटेट, बाजारांत आली आणि नायट्रेट मागें पडलें. ही फीत चिरकाल टिकेल अशी सर्वांची समजूत होती. परंतु दहा वर्षें लोटण्यापूर्वींच कोडॅक कंपनीकडे तक्रार पोंचली कीं ती कुजत आहे. आणि ही पहिली तक्रार भारत सरकारकडून गेली होती! आमच्या उष्ण व दमट हवेनें जें शास्त्रज्ञांच्या ध्यानांत आलें नव्हतें तें उघड केलें. उष्णता व ओलावा यांच्या योगानें फितींतून सिरक्याचें आम्ल सुटतें, आणि तेंच आम्ल पुढील नाश अधिक वेगानें घडवितें. डबा उघडतांच सिरक्याचा वास येतो, म्हणून या रोगास ‘व्हिनिगर सिंड्रोम’ म्हणतात. फीत आंखडते, वांकडी होते, ठिसूळ होते. एका डब्यांतील रोग शेजारच्या डब्यांसही लागूं शकतो, म्हणून रोगी रिळें वेगळीं ठेवावीं लागतात. थंड व कोरड्या जागीं ठेवल्यास नाश मंदावतो. परंतु गेलेलें परत येत नाहीं.

म्हणून आज अशा फितींच्या डिजिटल प्रती करून घेतात. लोकांस वाटतें कीं रीळ यंत्रांत घातलें, कळ दाबली कीं काम झालें. खरें काम त्याच्या आधीं असतें. कुशल मनुष्य सुती हातमोजे घालून रीळ टेबलावर हातानें हळूहळू उलगडतो. कडेचीं भोकें फाटलीं आहेत काय, जुने सांधे सुटले आहेत काय, फीत किती आंखडली आहे, हें तो इंचाइंचानें तपासतो. सांधे पुन्हा जोडतो. धूळ व बुरशी काढतो. कडेवरच्या खुणाही तो वाचतो. कोडॅकच्या फितीवर वर्तुळ, त्रिकोण, चौकोन अशीं बारीक चिन्हें असतात व त्यांवरून ती कोणत्या वर्षीं तयार झाली हें कळतें. मात्र तींच चिन्हें वीस वर्षांनीं पुन्हा येत असल्यामुळें नुसत्या त्रिकोणावर विसंबून चालत नाहीं. पडद्यावरचे पोशाख, गाड्या व पाट्या पाहूनच निर्णय करावा लागतो.

त्यानंतर स्कॅनर प्रत्येक चित्राचा वेगळा फोटो घेतो. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटांत सोळा चित्रें असतात; हजार फुटांच्या रिळांत सोळा हजार. उत्तम प्रतीच्या एका चित्रास सुमारें पन्नास मेगाबाइट जागा लागते असें धरल्यास एका रिळास आठ लक्ष मेगाबाइट, म्हणजे आठशें गिगाबाइट लागतील. आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीं याच रिळावर आणखी एक हिशेब करावा. सेकंदास सोळा चित्रें या वेगानें तें दाखविलें तर सोळा मिनिटें चाळीस सेकंद चालेल. बोलपटाच्या चोवीस चित्रांच्या वेगानें दाखविलें तर अकरा मिनिटांच्या थोडेंसें पुढें संपेल. जुन्या चित्रपटांतील माणसें लगबगीनें धांवतांना दिसतात तीं याच कारणानें. कित्येक वर्षांच्या कैदेनंतर जहाजावर चढणारा थकलेला शिपाई विदूषकासारखा तुरुतुरु चालला तर पाहणारा हंसेल. योग्य वेग राखला तर हंसणार नाहीं. म्हणून वेगाची ही बाब आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

डाग किती पुसावे, ओरखडे किती भरावे, याविषयीं मतभेद आहेत. धूळ काढावी, चित्राचा थरकाप थांबवावा, येथवर आमची संमति आहे. परंतु मूळच्या कृष्णधवल चित्रांत यंत्राच्या कल्पनेनें रंग भरून ‘हें पहा १९२१ साल’ असें म्हणणें आम्हांस पसंत नाहीं. त्या पोरीचा अंगरखा निळा होता कीं हिरवा, हें फितीस ठाऊक नाहीं व यंत्रासही नाहीं.

जतन केलेल्या फितीकडेही डोळे उघडे ठेवून पाहिलें पाहिजे. हे चित्रपट संस्थेनें स्वतःच्या कार्याविषयीं, परिषदेस जमलेल्या प्रतिनिधींस दाखविण्यासाठीं करविले होते. कॅमेरा कोठें उभा करावा हें साहाय्य देणारानें ठरविलें; ज्याच्या पुढ्यांत वाडगा ठेवला त्या मुलास कोणी विचारलें असेल असें वाटत नाहीं. त्या मुलाचें नांव पडद्यावर येत नाहीं. तारीख, स्थळ व माणसांची ओळख यांची टिपणें नसतील तर सुंदर डिजिटल प्रतही अर्धी मुकीच. म्हणून संग्रहालयांत फितीबरोबर जुनीं पत्रें, अहवाल व डब्यांवरील चिठ्ठ्या यांसही तितकेंच जपतात. डब्यावरची मळकी चिठ्ठी फेकून देणारास आम्ही तरी फितीजवळ बसूं देणार नाहीं.

डिजिटल प्रत झाली म्हणजे मूळ फीत टाकून द्यावी, असें मात्र कोणी समजूं नये. संगणकाच्या तबकड्या बिघडतात, लेखनाच्या पद्धति बदलतात, व आजचें यंत्र वीस वर्षांनीं मिळेलच असें नाहीं. यासाठीं दोनतीन प्रती निरनिराळ्या गांवीं ठेवतात, त्या वेळोवेळीं तपासतात व नव्या साधनांवर उतरवून घेतात. आणि मूळ फीत थंड कोठारांत राहते, कारण उद्यांचा स्कॅनर तिच्यांतून आजच्याहून अधिक कांहीं काढूं शकेल.

पालकांस एक विनंति. कोणाच्या माळ्यावर वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळचें आठ अगर सोळा मिलिमीटरचें रीळ असेल, तर तें जुन्या प्रोजेक्टरवर चढवून पाहण्याचा मोह आवरावा. आंखडलेली फीत त्याच्या दात्यांत सांपडून फाटते. डबा उघडून वास घ्यावा. सिरक्यासारखा वास आल्यास तें रीळ इतरांपासून दूर ठेवून लवकरच जाणत्या माणसास दाखवावें. आणि त्यांतील माणसें ओळखणारें कोणी वडीलधारें घरांत असेल, तर त्याच दिवशीं संध्याकाळीं त्यांच्याजवळ बसून नांवें लिहून घ्यावीं.