आधी कोठीपोट, मग पुडी

बयो, परवा फोनवर तू प्रोबायोटिकच्या पुडीचं विचारलंस. मागे घरातले सगळे बसलेले, म्हणून मी मोघम बोलले. आता मोकळेपणाने सांगते. पुडी घे, पण दोन लिटर दूध वाढेल या भरवशावर घेऊ नकोस. विकणारा तसं म्हणणारच. गायींवर झालेल्या अभ्यासांत सरासरी वाढ साधारण लिटरभर दिसते, कधी तेवढीही नाही.

ती पुडी सांभाळते कोठीपोटाला. मोठ्या म्हशीच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, शंभर लिटरहून जास्त माल मावतो आणि तिथला चारा पचवतात ते सूक्ष्मजीव. त्यांना ऑक्सिजन सोसत नाही. प्रत्येक घासाबरोबर थोडी हवा आत जातेच. पुडीतलं जिवंत यीस्ट तो ऑक्सिजन वापरून टाकतं. शिवाय पोटातलं आम्ल खाणाऱ्या जीवाणूंना त्याने बळ मिळतं.

आता तुमच्या मानखुर्दच्या तबेल्याचं बघ. १९४९ साली दारा खुरोडींनी आरे दूध वसाहत वसवली, तिथे म्हशींसाठी पॅरा गवत तरी पिकायचं. तुमच्याकडे काडीन्‌काडी विकत. हरियाणा-गुजरातेतून आलेली ताजी व्यालेली म्हैस लांबच्या प्रवासाने शिणलेली असते, आणि उतरल्या उतरल्या तिच्यापुढे बार्लीचा चोथा, चुनी, सरकी पेंड! पैसे गुंतलेत, दूध लगेच हवं, म्हणून आंबोण भरपूर आणि सुका चारा नावाला. मग पोटात आम्ल वाढतं, रवंथ मंदावतो, शेण पातळ होतं, फॅट उतरते. त्या मुक्या जिवाचा यात काय दोष गं? नवा खुराक अंगवळणी पडायला कोठीपोटाला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस आंबोण हळूहळू वाढवा आणि कडबा, पेंढा पोटभर द्या. यीस्टची खरी गरज मला याच दिवसांत दिसते, आणि पुढे ऑक्टोबरच्या उकाड्यात, म्हैस खाणं टाकते तेव्हा. चारा न सुधारता नुसती पुडी टाकलीस तर पैसे शेणात जातील, हे मी तुला बहीण म्हणून सांगते.

घेताना पाकिटावर यीस्टचं किंवा जीवाणूचं नाव, एका ग्रॅममध्ये जिवंत पेशी किती आणि मुदत कधीपर्यंत, हे तिन्ही वाच. यातलं एक जरी नसेल तर परत कर. तबेल्यातल्या दमट हवेत पोतं उघडं ठेवू नका, वाफाळत्या आंबोणात पुडी मिसळू नका; जिवंत आहे ते, मरतं. कासदाहासाठी अँटिबायोटिक चालू असेल तर जीवाणूंची पुडी त्या दिवसांत वाया जाऊ शकते, यीस्टला मात्र त्याने धक्का लागत नाही. आणि औषध थांबवल्यावर दूध न वापरण्याचे ठरलेले दिवस संपेपर्यंत त्या म्हशीचं दूध रतिबाला घालू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

ताक पाजू का, असंही विचारलंस. नळीने जबरदस्ती पाजू नकोस. श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येऊन जनावर दगावतं. पोट फुगलं, रवंथ थांबला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना बोलव. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच.

रेडकाचंही बघ. त्याचं कोठीपोट अजून चालू झालेलं नसतं. हगवणीत जीवाणूंची पुडी थोडी मदत करते, पण पहिल्या दोन-तीन तासांत चीक पोटात गेला नसेल तर कुठलीही पुडी ती उणीव भरून काढत नाही. रेडा असला तरी चीक पाज. तबेल्यात त्याच्याकडे कोणी बघत नाही, तू बघ.

आणि सगळ्या म्हशींना एकदम पुडी चालू करू नकोस. एकाच सुमारास व्यालेल्या निम्म्यांना दे, निम्म्यांना नको. महिनाभर रोजचं दूध, फॅट आणि शेण कसं पडतंय ते वहीत लिही. दुपारी बसलेल्या म्हशींत निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात, तेही मोजत जा. वही तुझ्याच हाताने लिही. महिन्याने घरातल्या सगळ्यांसमोर ती ठेव आणि पुढचं पोतं घ्यायचं की नाही, ते तू सांग.