चार भिंतींच्या वळणावरचे दडपण

साताऱ्यातील पुष्कळ माणसांप्रमाणे मीही पहाटे अजिंक्यताऱ्याची चढण चढत असे; आणि सेवानिवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, वाटेवरच्या ‘चार भिंती’ या ठिकाणच्या वळणापाशी आलो की छातीच्या मध्यभागी कोणी तळहात दाबून धरावा तसे मला होऊ लागले. ते दडपण डाव्या जबड्यापर्यंत पसरे, आणि रस्त्याकडेच्या दगडावर दोन-तीन मिनिटे टेकलो की आपोआप ओसरे. हे रात्रीच्या जेवणाचे पित्त, असे मी परस्पर ठरवून टाकले आणि खिशात ओव्याची पुडी बाळगू लागलो.

त्याच सुमारास एका आरोग्य शिबिरात माझा ईसीजी निघाला आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्या पट्टीवर ‘नॉर्मल’ असा शेरा मारला. चालताना छातीत काही होते काय, हे त्यांनी विचारले नाही. परंतु मी आपण होऊन सांगितले नाही, हा दोष त्याहून मोठा, कारण ज्याच्या छातीत दुखते त्यानेच त्याची जबानी द्यावयाची असते. एकतीस वर्षे महसुली दप्तरात घालविलेल्या मला शेरा पडलेला कागद म्हणजे फैसलाच वाटला. सौभाग्यवतीने दोनदा बजावले, तेव्हा दोन्ही वेळा मी तोच कागद तिच्यापुढे धरला.

हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंटहोव्हेन यांनी सिद्ध केलेली आणि १९२४ साली नोबेल पारितोषिकास पात्र ठरलेली ही ईसीजीची विद्या थोर आहे, यात शंका नाही. तथापि असा आलेख म्हणजे निजलेल्या माणसाच्या हृदयाची अवघ्या काही सेकंदांची हकीकत होय. रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली असली तरी विश्रांतीपुरते रक्त तीतून पोहोचत राहते, आणि तुटवडा भासतो तो श्रमाने मागणी वाढल्यावर. माझे दडपण चढणीवर येत होते आणि तपासणी पलंगावर झाली होती.

चार महिन्यांनी चिरंजीवांनी हट्टाने मला हृदयरोगतज्ज्ञांकडे नेले. प्रथम टू-डी इको झाला: डाव्या कुशीवर निजवून, छातीवर थंडगार जेल लावून, ध्वनिलहरींच्या साह्याने हृदयाच्या झडपा आणि भिंती पडद्यावर हलताना दाखविल्या गेल्या. पंपिंग साठ टक्के, म्हणजे उत्तम, निघाले. मी पुन्हा निःशंक होऊ लागलो, पण डॉक्टर झाले नाहीत. त्यांनी स्ट्रेस टेस्ट सांगितली. सिॲटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांच्या नावाने रूढ असलेल्या पद्धतीत सरकता पट्टा ताशी १.७ मैल वेगाने आणि दहा टक्के चढाने सुरू होतो, आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढतात. सातव्या मिनिटाला तेच दडपण, त्याच जागी, तसेच जबड्याकडे सरकले. “काका, काय होते आहे ते लपवू नका,” असे डॉक्टर म्हणाले, आणि मी त्या दडपणाची कैफियत प्रथमच एका वैद्यकीय माणसाला सांगितली. पडद्यावरची ईसीजीची रेषा तोवर खाली उतरलीच होती. पट्टा थांबविण्यात आला. पुढे अँजिओग्राफी झाली, दोन स्टेंट पडले.

म्हणून माझे सांगणे असे की डॉक्टरांकडे जाताना दुखणे केव्हा येते, किती पायऱ्यांनी येते आणि किती वेळात थांबते, हे कागदावर टिपून न्यावे. विशेषतः मधुमेह्यांनी, कारण त्यांच्या हृदयाची तक्रार पुष्कळदा कळेऐवजी केवळ धाप लागण्याने प्रकट होते. गुडघ्यांमुळे चालवत नसेल तर औषधाने हृदयावर ताण आणूनही तपासणी करता येते. चाचणीपूर्वी कोणती गोळी थांबवावी हे डॉक्टरांना विचारावे, स्वतः ठरवू नये. आणि बसल्या जागी छातीत दाटून येऊन घाम सुटला, तर चाचणीची तारीख मागत बसू नये. तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरी चूक मी स्टेंटनंतर केली. पुनर्वसनाच्या वर्गाला, जेथे नाडी आणि रक्तदाब पाहत व्यायाम करवून घेतात, मी चार वेळा गेलो आणि, वाहिनी मोकळी झाली, आता हे कशाला, म्हणून तो तहकूब केला. परिणाम असा झाला की जिन्याच्या सहाव्या पायरीवर भीतीनेच पाय थबकू लागले, आणि भीती कोणती व दुखणे कोणते हे मला ओळखता येईना. दोन महिन्यांनी मी पुन्हा रुजू झालो. तेथे सहा मिनिटांत किती मीटर चाललो हे मोजतात, आणि श्रम किती वाटतो हे सहा ते वीस या आकड्यांत विचारतात; पहिल्या आठवड्यात मी सतरा म्हणत असे, दहाव्या आठवड्यात तेवढ्याच चालीला अकरा म्हणू लागलो. औषधांइतकाच हाही उपचाराचा भाग आहे, हे मला त्या कक्षातच उमगले.

आणखी एक दप्तरी सूचना. ईसीजीच्या पट्टीवरील रेषा कालांतराने पुसट होतात. निघाल्याच दिवशी तिची झेरॉक्स काढून तारखेनिशी फाइलला लावावी, कारण पुढच्या डॉक्टरांना नव्या आलेखाइतकाच जुनाही पाहावयाचा असतो.